ठोकळा तळाला टेकला, यादी अजून वर

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून गावच्या वाचनालयाची पुस्तकांची नोंदवही संगणकावर आणतोय. पायथन ही भाषा आणि टीके हे खिडक्या-बटणं काढायचं टूलकिट वापरलंय. टीकेचा तयार स्क्रोलबार, म्हणजे यादी वरखाली सरकवायची बाजूची पट्टी, जुनाट दिसतो म्हणून कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर, स्वतःचा काढला. सगळी दहा हजार पुस्तकं भरल्यावर पट्टीतला सरकणारा ठोकळा तळाला नेला तरी शेवटची पुस्तकं दिसत नाहीत. शिवाय ठोकळ्यावर माऊस दाबला की तो टुणकन उडी मारतो. सर म्हणाले, 'तयार आहे ते वापर, नसते उद्योग कशाला?' कोड सोबत जोडलाय.
– एक विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : सरांचं बरोबर आहे, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नकोस. स्क्रोलबार आयुष्यात एकदा तरी हाताने लिहावा. दिसायला दोन रेघा आणि एक चौकोन. लिहायला बसलं की आठवडा जातो.

तुझा कोड वाचला. दोन्ही दुखणी एकेका ओळीत आहेत. आधी पहिलं बघू.

तुझी पट्टी ५०० पिक्सेल लांब, एका वेळी ४० ओळी दिसतात, एकूण १०,०००. प्रमाणात काढलं तर ठोकळा २ पिक्सेलचा होतो. तो माऊसने पकडणार कोण? म्हणून तू शहाणपणाने 'निदान २० पिक्सेल तरी हवा' अशी अट टाकलीस. तिथेच घात झाला. तुझं सूत्र असं आहे : ठोकळ्याचा माथा (त्याची वरची कड पट्टीच्या वरच्या टोकापासून किती खाली आहे ते) भागिले पट्टीची लांबी, गुणिले एकूण ओळी. ठोकळा २ पिक्सेलचाच राहिला असता तर हे सूत्र चोख होतं. माथा जास्तीत जास्त ४९८ पर्यंत गेला असता, ४९८ भागिले ५०० गुणिले १०,००० म्हणजे ९,९६०, आणि तिथून पुढच्या ४० ओळी म्हणजे यादीचा शेवट. पण ठोकळा २० चा झाल्यावर माथा ४८० लाच अडतो. ४८० चे होतात ९,६००. तिथून ४० ओळी दिसल्या, ९,६४० झाल्या. उरलेली ३६० पुस्तकं वाचनालयात आहेत, पण तुझ्या खिडकीत कधीच येणार नाहीत.

हे तुला आधी कळलं नाही, कारण तू शंभर पुस्तकांवर तपासत होतास. शंभरात ४० दिसत असतील तर ठोकळा २०० पिक्सेलचा होतो, किमान लांबीची अट लागूच होत नाही, सगळं छान चालतं. स्क्रोलबार तपासायचा तर लाखभर ओळींवर तपास, आणि मग एका ओळीवर.

आता सूत्र कसं हवं ते सांगते. दहा फुटांची भिंत आहे आणि तिला चार फुटांचं कपाट लावायचंय. कपाट किती सरकवता येईल? दहा फूट नव्हे, सहा फूट. घर लावताना हे आपल्याला न सांगता कळतं, स्क्रोलबार लिहिताना नेमकं विसरतं. तुझ्याकडे अशा दोन भिंती आहेत. एक पट्टीची : ५०० मधून ठोकळ्याचे २० वजा, उरले ४८०. दुसरी यादीची : १०,००० मधून दिसणाऱ्या ४० वजा, उरल्या ९,९६०. माथा भागिले ४८०, गुणिले ९,९६०. बस. उलट दिशेलाही हेच : पहिली दिसणारी ओळ भागिले ९,९६०, गुणिले ४८०. ठोकळ्याची लांबी कितीही बदल, वरचं टोक वरच्या टोकाला आणि खालचं खालच्याला बसणारच.

एक खड्डा आहे. सगळी पुस्तकं एकाच खिडकीत मावली तर दुसरी वजाबाकी शून्य किंवा उणे होते, आणि शून्य झाली की तू शून्याने भागतोस. नवीन वाचनालयात पहिल्या दिवशी नेमकी चाळीस पुस्तकं असतील आणि तुझा प्रोग्रॅम उद्घाटनालाच कोसळेल. ती अट आधी तपास.

दुसरं दुखणं, उडीचं. माऊस दाबल्यावर तू ठोकळ्याचा माथा थेट माऊसच्या जागी नेतोस. वापरणारा मात्र ठोकळा कुठेही धरतो, बहुतेकदा मध्यावर. त्याने माथ्यापासून १२ पिक्सेल खाली धरलं की तुझा ठोकळा १२ पिक्सेल खाली उडतो, आणि तुझ्या यादीत एक पिक्सेल म्हणजे २०.७५ ओळी, म्हणजे जवळजवळ अडीचशे पुस्तकांची उडी! दाबल्या क्षणी माऊस आणि माथा यांतलं अंतर लिहून ठेव आणि ओढताना प्रत्येक वेळी ते वजा कर.

आणि हे अंतर दाबताना एकदाच मोजायचं. 'माऊस आत्ता किती सरकला' ते मोजून ठोकळ्यात मिळवत जायचं नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. नव्वदच्या दशकात आम्ही एका कारखान्यासाठी युनिक्स वर्कस्टेशनवर, मोटिफ हे टूलकिट वापरून, यंत्रांच्या नोंदी बघायचा प्रोग्रॅम लिहीत होतो. मोटिफचा स्क्रोलबार मला हव्या त्या रंगांत येईना, म्हणून मी माझा लिहिला आणि सरकलेलं अंतर मिळवत गेले. तिथले ऑपरेटर काका माऊस जोरात ओढायचे, पार टेबलाच्या कडेपर्यंत. ठोकळा तळाला अडायचा, माऊसचा बाण खाली निघून जायचा. काका माऊस परत वर न्यायचे तेव्हा ठोकळा लगेच वर निघायचा, बाण मात्र अजून खालीच. दोघांची ताटातूट. तीन दिवस बघून ते म्हणाले, 'मॅडम, ह्याचा क्लच घसरतोय.' मोटारसायकलवाल्याने केलेलं ते निदान कुठल्याही डिबगरपेक्षा, म्हणजे चुका शोधायच्या प्रोग्रॅमपेक्षा, अचूक होतं.

तू विचारलेलं नाहीस, तरी कोडात आणखी एक दिसलं. तू यादीची जागा पिक्सेलमध्ये साठवतोस. ती ओळींत साठव. पट्टीच्या टोकाचं खालच्या बाणाचं बटण दाबलं की यादी एक ओळ सरकायला हवी. तुझ्या पट्टीवर एक ओळ म्हणजे एका पिक्सेलच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. पूर्णांक केला की शून्य. म्हणजे वापरणारा बाण दाबत बसेल आणि पहिलं पुस्तक जागचं हलणार नाही. ओळ ही खरी, ठोकळा फक्त तिचं चित्र. ठोकळा ओढून नेमक्या ४,३१७ व्या पुस्तकावर थांबता येणार नाही हे मान्य करून टाक. बाणांची आणि माऊसच्या चाकाची सोय त्यासाठीच असते.

शेवटी टीकेबद्दल. त्याचा तयार स्क्रोलबार जुनाट दिसतो खरा, पण त्याचं यादीशी बोलणं बघ, ते सुरेख आहे. ओळी किती, पिक्सेल किती, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. यादी त्याला 'सेट' म्हणून दोन अपूर्णांक कळवते, दिसणाऱ्या भागाची सुरुवात आणि शेवट, ० ते १ मध्ये. तो उलट 'मूव्हटू' आणि एक अपूर्णांक पाठवतो, नाहीतर 'स्क्रोल', एक आकडा आणि 'युनिट्स' किंवा 'पेजेस'. तुझ्या स्क्रोलबारला हेच दोन निरोप घेता-देता आले की तो लिस्टबॉक्स, टेक्स्ट, कॅनव्हास, कशालाही जोडता येईल. फक्त एक सांभाळ. 'सेट' आल्यावर ठोकळा नुसता रंगव, पुन्हा 'मूव्हटू' पाठवू नकोस. नाहीतर दोघं एकमेकांना निरोप देत बसतील, आणि त्यात आकडे पूर्णांक करताना एक पिक्सेल इकडचा तिकडे झाला तर यादी आपोआप रांगायला लागेल. भुताटकी नाही ती.

प्रश्न : मी कॅनव्हासमध्ये एक फ्रेम ठेवून तिच्यात प्रत्येक सभासदासाठी एक लेबल लावलं आहे. लिनक्सवर चालवते. साधारण तेराशे नावांनंतर स्क्रोल होतं, पण कोरं दिसतं. डेटाबेसमध्ये नावं आहेत. मेमरी कमी पडते का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मेमरी नाही, आकडा कमी पडतोय. तुमचं एक लेबल २५ पिक्सेल उंच असावं. १,३१० गुणिले २५ म्हणजे ३२,७५०. लिनक्सवर टीके ज्या एक्स विंडो पद्धतीतून चित्र काढतं, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्यात खिडकीची जागा १६ बिटांत लिहितात, आणि चिन्हासह १६ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. टीकेचं प्रत्येक लेबल ही एक्सच्या लेखी एक छोटी खिडकीच. त्या आकड्याच्या पलीकडे तिला पत्ताच देता येत नाही.

हजारो लेबलं करूच नका. खिडकीत ३० नावं दिसत असतील तर ३१ लेबलं करा आणि स्क्रोल झाल्यावर जागा न हलवता त्यांच्यावरचा मजकूर बदला. बसमध्ये सीटा तितक्याच राहतात, माणसं चढतात-उतरतात, तसं. मग स्क्रोलबार तुमच्या हिशोबाने चालतो, खरी तेराशे लेबलांची चळत त्याच्यामागे नसली तरी त्याचं काही बिघडत नाही. निव्वळ नावंच दाखवायची असतील तर साधा लिस्टबॉक्स घ्या, तो आतून हेच करतो.

प्रश्न : आमच्या प्रॉडक्टमध्ये आमचंच छोटं जीयूआय (खिडक्या-बटणांचं) टूलकिट आहे, सी प्लस प्लसमधलं. एका पॅनलमध्ये फोटो रुंदीला बसवून दाखवतो. खिडकी एका ठराविक मापाची केली की उभा स्क्रोलबार लुकलुकायला लागतो, दिसतो-लपतो-दिसतो, आणि सीपीयू शंभर टक्के. पिक्सेलभर मोठी केली की कधीकधी थांबतं. टेस्टर आम्हाला छळतोय.
– एक प्रोग्रॅमर, नाशिक

उत्तर : टेस्टरला चहा पाजा, त्याने दुर्मीळ पक्षी पकडलाय.

आकडे घालून बघू. पॅनल ४०० रुंद, २९६ उंच. फोटो चारास तीन प्रमाणाचा. स्क्रोलबार नसताना फोटो ४०० रुंद, म्हणून ३०० उंच. २९६ मध्ये मावत नाही. स्क्रोलबार आणा. तो १६ पिक्सेल खातो. आता रुंदी ३८४, फोटोची उंची २८८. मावला! मग स्क्रोलबार कशाला? काढा. रुंदी पुन्हा ४००, उंची ३००, मावत नाही... पॅनलची उंची २८८ ते २९९ यांच्या मधे कुठेही असली तरी हा फेरा संपत नाही. ३०० झाली की शांत. म्हणूनच खिडकी जराशी मोठी केल्यावर तुमचं कधीकधी थांबतं.

मजकुराचं बरोबर उलट असतं, हे ध्यानात ठेवा, नाहीतर एकाचा उपाय दुसऱ्याला लावाल. फोटो अरुंद झाला की बुटका होतो, मजकूर अरुंद झाला की लांबतो. त्यामुळे मजकुराला लुकलुक होत नाही, पण दोन्ही अवस्था 'बरोबर' ठरतात. स्क्रोलबार असला तर मजकूर मावत नाही, म्हणून तो राहतो. नसला तर मावतो, म्हणून तो येत नाही. त्याच मापाची खिडकी मोठीची लहान करत आलात की लहानाची मोठी, त्यावर स्क्रोलबार दिसणं ठरतं. देवनागरीत लांबलचक जोडशब्द अख्खाच्या अख्खा खालच्या ओळीवर जातो, तेव्हा हे फारच उठून दिसतं. आडवा आणि उभा असे दोन्ही स्क्रोलबार असले की आणखी एक सोंग : उभा आला म्हणून रुंदी घटली, म्हणून आडवा आला, म्हणून उंची घटली, म्हणून उभ्याची गरज पडली. दोघंही एकमेकांच्या जिवावर उभे!

उपाय एकच : 'आत्ता स्क्रोलबार आहे का' हे बघून पुढचं ठरवू नका. प्रत्येक मांडणी कोऱ्या पाटीवरून सुरू करा. स्क्रोलबार नाही असं धरून मोजा. मावलं, संपलं. नाही मावलं तर स्क्रोलबार लावा, एकदा मोजा आणि त्यानंतर तो काढायचा प्रश्न विचारायचाच नाही. तुमच्या फोटोच्या बाबतीत पट्टी दिसेल आणि ठोकळा तिला पूर्ण भरून बसलेला असेल, सरकायला जागा नाही. थोडं विचित्र दिसतं. चालतं. ते खपत नसेल तर पट्टीची १६ पिक्सेल जागा कायमचीच राखून ठेवा. वेबवाल्यांनी सीएसएसमध्ये (वेबपानांची मांडणी ठरवायच्या भाषेत) 'स्क्रोलबार-गटर' या नावाने हीच सोय करून घेतली आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. मुलीने नवीन लॅपटॉप दिला आहे. त्यात उजवीकडची ती सरकपट्टी दिसतच नाही, हात लावला की येते आणि पकडेपर्यंत जाते. पान किती मोठं आहे, किती वाचून झालं, काही कळत नाही. मुलगी म्हणते, 'बाबा, आता असंच असतं.' खरंच काही इलाज नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : इलाज आहे. मॅक असेल तर सेटिंग्जमधल्या 'अपीअरन्स'मध्ये स्क्रोलबार नेहमी दाखवायचा पर्याय आहे. विंडोज ११ असेल तर 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये 'व्हिज्युअल इफेक्ट्स', तिथे पहिल्याच ओळींत तसंच बटण आहे. मुलीकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आपली तक्रार म्हातारपणाची नाही, हे मुद्दाम सांगते. मी रोज हेच काम करते आणि मलाही ती केसाएवढी पट्टी पकडता येत नाही. ठोकळ्याची लांबी म्हणजे पान किती मोठं आहे याची खबर, आणि ती खबर मिळवायला लोकांना बरीच वाट बघावी लागली होती. विंडोज ३.१ मध्ये ठोकळा कायम एकाच मापाचा चौकोन असे, मजकूर दोन ओळींचा असो की दोनशे पानांचा. विंडोज ९५ ने तो प्रमाणात लांब-आखूड केला. मॅकवर ही सोय १९९८ साली, ८.५ आवृत्तीत आली. आणि २०११ साली मॅकनेच, लायन आवृत्तीत, पट्टी लपवायची रीत आणली. बाणांची बटणंही त्याच वेळी गेली. फोनवर बोटाखाली पान सरकतं, तिथे पट्टी लपवणं मला पटतं. लॅपटॉपवर नाही पटत.

जुन्या सन वर्कस्टेशनवर 'ओपन लुक' नावाची पद्धत होती. तिच्यात ठोकळ्याला लिफ्ट म्हणत आणि ती एका दोरावरून वरखाली जाई. वर-खालीची बटणं पट्टीच्या टोकांना नसून लिफ्टलाच चिकटवलेली. बटण दाबलं की लिफ्ट सरकायची आणि माऊसचा बाणही तिच्याबरोबर नेला जायचा, म्हणजे हात न हलवता दाबत राहता येई. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकले होते, पण दोन दिवसांत सवय झाली आणि ती पद्धत गेल्याचं मला आजही वाईट वाटतं.

मागच्या अंकातली दुरुस्ती

डोंबिवलीच्या एका वाचकांनी माझी चूक दाखवली, त्यांचे आभार. विंडोजच्या स्क्रोलबारबद्दल मी लिहिलं होतं की ठोकळा जास्तीत जास्त जिथे जाऊ शकतो ती जागा म्हणजे कमाल आकडा वजा पानाचा आकडा (एका वेळी दिसणाऱ्या ओळी). त्यात एक मिळवायला हवा होता. विंडोजमध्ये कमाल आकडा हा शेवटच्या ओळीचा क्रमांक असतो. शंभर ओळी असतील तर ० ते ९९. पान दहा ओळींचं, म्हणून ९९ वजा १० अधिक १, म्हणजे ९०. माझ्या हिशोबाने ८९ येत होते आणि शेवटची ओळ खिडकीखाली अडकून राहत होती. जीटीके आणि क्यूटी ही आणखी दोन टूलकिटं. जीटीकेमध्ये वरची मर्यादा १०० द्यायची, पानाचं माप १०, तो स्वतःच ९० ला थांबतो. क्यूटीमध्ये कमाल म्हणून ९० हाच आकडा आपण द्यायचा आणि पानाचे १० वेगळे, एकूण लांबी त्या दोघांची बेरीज. उत्तर तिन्हीकडे ९०च. एका टूलकिटमधून दुसऱ्यात जाताना मी घोळ घातला.